ताईचं वेगळं जेवण

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला वाटतं, नणंद रुसली. मी वाटू दिलं—तेवढी हुशारी माझ्यात आहे.

आमच्या कांचघर मोहल्ल्यात चार लोक मला नमस्कार करतात. तेवढ्या भांडवलावर मी पार्षदाच्या, म्हणजे नगरसेवकाच्या, निवडणुकीला उभा राहिलो. अर्जासोबत शपथपत्र द्यावं लागतं: स्वतःची मालमत्ता, बायकोची, आणि आपल्यावर अवलंबून असलेल्यांची. अडलं ते तिथे. बाजारात बड़ा फुहाऱ्याजवळचं एक दुकान—हिशेबात न दाखवलेल्या पैशातून घेतलेलं—मी ताईच्या नावावर केलं होतं. ताई माझी मोठी बहीण. लग्न केलं नाही, जन्मभर आमच्यातच जेवली. तिला आश्रित लिहिलं की दुकान उघडं पडणार. मग? मी लिहिलं—आश्रित कोणी नाही.

छाननीच्या दिवशी ताई हौसेने सोबत आली, ठेवणीतली साडी नेसून. विरोधकाने हरकत घेतली. निवडणूक अधिकारी साहेबांनी विचारलं, "बहन आप पर आश्रित हैं?" ती माझ्या मागच्याच खुर्चीवर होती. आणि मी—जीभसुद्धा अडखळली नाही हो—म्हणालो, "नहीं साहब, दीदी का खाना-पीना अलग है।"

अर्ज मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी सदर बाजारातून तिने लहानशी गॅसची शेगडी आणली आणि मागच्या खोलीत स्वतःपुरता भात टाकला. "हे काय करून राहिली ताई?"

"शपथेवर बोलला ना तू? मग शपथ खोटी काहून पडू द्यायची?"

टोमणा होता की माया? मला आजही कळलेलं नाही.

निवडणूक मी हरलो—इतका सपाटून की घरची मतं तरी पडली का, शंका आहे. तेव्हा तरी तिला परत बोलावता आलं असतं, नाही? एक हाक पुरली असती—ताई, पान वाढलंय. पण ती हाक मारायची म्हणजे आधीचं खोटं होतं, हे तिच्या तोंडावर मान्य करायचं. मी मारली नाही. ती ब्लाउज शिवून आपला गॅस भरते. तिच्या नावच्या दुकानाचं भाडं मी घेतो.

यंदा घरात सून आली. परवा जेवताना तिने सगळ्यांसमोर विचारलं, "पापाजी, आत्याबाई आपल्यात काहून जेवत नाहीत?"

"तिला तसंच आवडतं," मी म्हणालो.

दारात ताई उभी होती, हातात तिची ताटली. सुनेकडे पाहून म्हणाली, "हो गं, मलाच आवडतं."

मी पुढचा घास घेतला.