खांबावरची खूण

माझी उंची मी आधीच सांगून टाकते. चार फूट आठ इंच. आधी सांगितलं की लोकांचे अर्धे विनोद जागीच मरतात आणि उरलेल्या अर्ध्यांना उत्तर द्यायला मी मोकळी राहते. तळेगावहून लग्न होऊन कुरवंड्याला आले तेव्हा अंगाची हळद उतरायच्या आत एका मावशींनी माझ्यादेखत विचारलं होतं, की ही पोरगी हंडा उचलणार का हंडा हिला उचलणार? मी हंडा उचलला. बावीस वर्षं उचलतेय. तरी तो किस्सा अजून सांगितला जातो, आणि दरवेळी त्यात माझी उंची इंचभर कमी होते.

हे सांगायचं कारण एक कुत्रं आहे.

खंडाळ्यातल्या एका बंगल्याची देखभाल माझ्याकडे आहे. चाव्या, चादरी, आलेल्या पाहुण्यांचं जेवण आणि गेलेल्या पाहुण्यांचा पसारा. चार वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका सोमवारी, शनिवार-रविवारची मंडळी गेल्यावर मी झाडायला गेले, तर पलंगाखाली काहीतरी थरथरत होतं. मला वाटलं घूस असेल. झाडू घेऊन वाकले तर गुलाबी झबलं घातलेलं कुत्रं. मोठाले कान, बाहेर आल्यासारखे डोळे, आणि पाय इतके बारीक की धरायची भीती वाटावी. मी पाहुण्यांना फोन लावला. त्या गृहस्थांनी आमच्याकडे कुत्रंच नाही असं सांगितलं. ओट्यावर त्याची खाण्याची वाटी आणि डबा तसाच पडला होता. पुन्हा लावला तर फोन बंद. बंगल्याच्या मालकांना विचारलं, तर ते म्हणाले की गेटबाहेर सोडून दे. गेटबाहेर दरी आहे आणि दरीत बिबट्या आहे, हे पर्यटक सोडून सगळ्यांना माहीत आहे. मी त्याला धुवायच्या टॉवेलांच्या पिशवीत ठेवलं आणि घरी घेऊन आले.

घरी सासरे होते. त्यांना मी आबा म्हणते, सगळं गावच म्हणतं. त्या वर्षी आबांचं मन आधीच दुखावलेलं होतं. त्यांचे दोन कुत्रे होते. थोरला चैत्रात म्हातारपणाने गेला आणि धाकट्याला वैशाखात गोठ्याच्या दारातून बिबट्याने नेलं. आबा दोन दिवस जेवले नव्हते. शेताला रानडुकरांचा त्रास, त्यामुळे राखणीला दणकट कुत्रा हवा म्हणून ते चौकशीत होते, आणि मी पिशवीतून हे बाहेर काढलं.

"ह्ये कुत्रं हाय का उंदीर?" आबांनी विचारलं.

मी म्हटलं की पिल्लू आहे, वाढेल. मी थाप मारत नव्हते. मला खरंच तसं वाटत होतं. नवऱ्यालाही वाटत होतं, आणि आबांनाही, कारण आमच्याकडे एवढंसं कुत्रं म्हणजे पिल्लूच असतं. आबांनी त्याला मानगुटीला धरून उचललं, पंजे पाहिले, तोंड वाकडं केलं आणि निकाल दिला.

"चंपाषष्टीपतुर वाढलं तर आपलं. न्हाईतर जितनं आणलंस तितं सोडून यायचं."

म्हणजे मार्गशीर्षापर्यंतची मुदत. ओसरीच्या खांबाशी पिल्लाला उभं करून आबांनी त्याच्या पाठीच्या उंचीवर कोळशाने खूण केली. दर रविवारी मापायचं ठरलं.

मग मी जी खटपट केली ती आज आठवली तरी माझं मलाच हसू येतं. दूध, अंडी, नाचणीची पेज, भाकरीवर तूप. पिल्लाला भूक चांगली होती, ते सगळं खाई आणि खाऊन माझ्या ओच्यात झोपे. रविवारी खांबाशी उभं केलं की पाठ खुणेलाच. रुंदी वाढत होती, उंची हलेना. भाद्रपद गेला, दसरा गेला. एका शनिवारी मी ती खूण पुसली आणि बोटभर खाली नवी काढली. दुसऱ्या दिवशी आबांनी मापलं, माझ्याकडे पाहिलं. कोयता आणला आणि जुन्या जागी खूण कोरून ठेवली.

मला राग आला. आबांचा आलाच, पण त्याहून जुना कुठलातरी वर आला. मी दहा वर्षांची असताना आई मला रोज सकाळी दाराच्या वरच्या पट्टीला लोंबकळायला लावायची. शेजारणीने सांगितलं होतं, त्याने उंची वाढते. हात सोलपटायचे, उंची नाही वाढली. आणि आता मीच एका मुक्या जिवाला दर रविवारी खांबाशी उभं करत होते. हे मला त्या कोयत्याच्या खुणेने दाखवलं.

षष्ठीला आठ दिवस राहिले तेव्हा पिल्लू खोकायला लागलं. नवऱ्याच्या गाडीवर मागे बसून, पिशवीतून त्याची मान बाहेर ठेवून मी लोणावळ्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. खोकल्याचं सांगितलं आणि हळूच विचारलं, की वाढीचं काही औषध मिळेल का.

डॉक्टरांनी पिल्लाचं तोंड उघडलं, दात पाहिले, डोळ्यात उजेड मारला. मग म्हणाले, "वहिनी, ही कमीत कमी नऊ वर्षांची आहे. वाढीचं कसलं, गुडघ्यांचं औषध देतो."

जात त्यांनी सांगितली, चिवावा, ती एवढीच असते म्हणाले. दोन किलोच्या वर जायला नको होती, मी तिला तीनवर नेली होती. तूप बंद करायला सांगितलं, कांदा-लसूण कधीच द्यायचा नाही म्हणाले. मी नुसती मान हलवत होते. मला इतकी लाज वाटली की काय सांगू. नऊ वर्षं कुणाच्या तरी गादीवर झोपलेली ही म्हातारी, एका सोमवारी तिला कचऱ्यासारखी टाकून लोक निघून गेले. आणि मी तिला बाळ समजून भाकरीच्या तुकड्यासाठी उड्या मारायला लावत होते, तेही असल्या गुडघ्यांवर. परतताना मी गाव येईपर्यंत रडले. नवऱ्याला वाटलं वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलं.

घरी मी कुणाला काही सांगितलं नाही, नवऱ्यालाही बजावलं. ती वाढणार नाही हे आबांना कळलं असतं, तर त्यांनी मुदतीची वाट कशाला पाहिली असती? आणि मला एक गोष्ट आठवली होती.

आमच्या घरचा देव खंडोबा. चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि बाजरीचे रोडगे होतात, तळी उचलतात, आणि माणसांच्या आधी घरच्या कुत्र्यापुढे नैवेद्य ठेवून हात जोडतात, कारण कुत्रा देवाचा. आदल्या वर्षी दोन्ही कुत्रे होते. थोरला तेव्हा आंधळा झालेला, राखणीला उपयोग शून्य. धाकटा ताटाकडे झेपावला, तर आबांनी त्याला मागे ओढला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मान वयाचा आसतो, ताकदीचा न्हाई." मी तेव्हा भाकरी थापत होते. ते वाक्य मी नीट ऐकून ठेवलं होतं.

षष्ठीला भाऊबंद जमले. तळी उचलून झाली, अंगण भंडाऱ्याने पिवळं झालं. आबांनी चुलतभावाचा कुत्रा दोरीला धरून आणला होता, वासराएवढा. त्यांच्या मनात तो नैवेद्याच्या मानालाही होता आणि पुढे राखणीलाही. पिल्लाला सकाळी त्यांनी शेवटचं मापून घेतलं होतं आणि नवऱ्याला गाडी काढून ठेवायला सांगितलं होतं.

मी ताट घेऊन बाहेर आले. ताटात एक रोडगा दुधात कुस्करलेला होता आणि चमचाभर भरीत, कांदा-लसणाशिवायचं, तिच्यापुरतं वेगळं केलेलं. मी ते ताट आबांच्या हातात दिलं आणि ओसरीवरून तिला आणून त्यांच्यासमोर ठेवलं.

"आबा, मान वयाचा असतो, हे तुमचंच बोलणं आहे," मी म्हटलं. "डॉक्टरांनी दात बघितलेत. ती नऊ वर्षांची आहे. तुमच्या दोरीला आहे तो तीन वर्षांचा."

अंगणात कुणी हसलं नाही. सून सासऱ्याला भर देवकार्यात त्याचाच शब्द परत करते, हे आमच्याकडे होत नाही. मी मात्र तिथून हलले नाही. आबांनी तिच्याकडे पाहिलं.

"नऊ?" त्यांनी विचारलं.

"कमीत कमी," मी म्हटलं.

त्यांनी दोरी चुलतभावाच्या हातात दिली. ताट खाली ठेवलं, पण ताटाचा काठ उंच आणि तिचं तोंड पोचेना. मग आबा, ज्यांचे गुडघे तिच्यापेक्षाही वाईट आहेत, खांबाला धरून हळूहळू खाली बसले, मांडी घातली आणि ताट तिच्या बाजूला कलतं धरलं. ती खात होती तेवढा वेळ त्यांना हात जोडता येईनात. ती संपवून मागे झाली, तेव्हा त्यांनी जोडले.

नवऱ्याने गाडी पुन्हा पडवीत लावली. राखणीला आबांनी पुढे दुसरा कुत्रा आणला, आणला तो भलामोठाच. म्हातारीला ते आजही कामाची मानत नाहीत, आणि मी त्यांच्याशी त्यावर आजही भांडते. ती तेरा वर्षांची झालीय, एक डोळा गेलाय, दुपारी आबांच्या धोतराच्या सोग्यात झोपते.

परवा त्याच हंड्यावाल्या मावशी आल्या होत्या. ओसरीवर टेकल्या, तिच्याकडे पाहिलं, मग पाणी घेऊन आलेल्या माझ्याकडे पाहिलं, आणि हसून म्हणाल्या, "आबा, ह्ये तुमचं कुत्रं वाढणार कदी?"

आबांनी खांबावरच्या कोयत्याच्या खुणेवर बोट ठेवलं.

"वाढायचं तेवडं वाढलंय त्ये," ते म्हणाले.

ते कुत्र्याबद्दलच बोलत होते, माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. मी मात्र ते माझ्याही नावावर लावून घेतलं.