बाबांच्या चालीची नक्कल

आमच्या घराण्यात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे. लग्न असो की बारसं, जेवणं झाली की कोणीतरी म्हणणारच, "काका, बांधावरची होऊन जाऊ दे." मग मी पन्नाशीतलं पोट सावरत उभा राहायचो आणि जामसरच्या आमच्या बांधावरून आधी आजोबा नि मग बाबा कसे चालायचे ते करून दाखवायचो. पाय फाकलेले, पाऊल चिखलात, भाताच्या रोपांची मूठ शेजाऱ्याच्या खाचरात. माणसं हसून लोळायची. ते दोघे दारू प्यायलेले असत, हे वेगळं सांगावं लागत नसे.

बाबा घेतच नसत असं नाही; सणाला मोहाची आमच्याकडे असतेच. पण आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत, सकाळी, न्याहारीच्याही आधी? हा प्रश्न मला इतक्या वर्षांत पडला नाही. पुढे बाबा राबात वाढवलेली रोपं उपटून खाचरात न्यायच्या ऐवजी पुन्हा राबातच लावू लागले, आईला परकी बाई समजून लाजू लागले. तेव्हाही आम्ही म्हणालो, दारूनं डोकं गेलं. आजोबांचंही तसंच गेलेलं, म्हणजे पुरावा पक्का.

यंदा आवणीला मी मुठी घेऊन बांधावरून येत होतो. खाचरात वाकलेल्या ताईनं मान वर केली आणि म्हणाली, नक्कल पुरे, मुठी आण. मी नक्कल करत नव्हतो. तसं सांगेपर्यंत एक पाय चिखलात गेला. मी हसलो. ती हसली नाही.

दुपारी भाकरी झाल्यावर तिनं मला रोपांची मूठ बांधायला लावली. डावी बोटं कचेरीतल्या फायलीसारखी सरकत होती. बाबांचाही डावा हातच आधी मागे पडला होता, ती म्हणाली. त्यांच्या मुठी कित्येक दिवस तीच गुपचूप बांधून देत असे. मी वयावर, चपलेवर, चिखलावर आळ घेतला, भगताला विचारू म्हणालो. तिनं ऐकलं नाही. त्याच आठवड्यात तिनं मला जव्हारहून नाशिकच्या गाडीत बसवलं.

मेंदूच्या डॉक्टरांनी मला सरळ रेषेत चालवलं, गुडघ्यावर हातोडी मारली आणि घरात आधी कोणाला असं होतं का विचारलं. मी सवयीनं रंगात आलो. ताईनं मध्येच तोडलं.

"ते प्यायलेले नव्हते. आजारी होते. नीट सांग."

मग नीट सांगितलं. डॉक्टर म्हणाल्या, काही घरांत विसरण्याचा आजार रक्तातून येतो, आणि कधी कधी विसरणं सुरू होण्याच्या कितीतरी आधी चाल नि हात बदलतात. तुमचं तेच आहे असं आज म्हणता येत नाही. मानेतली शीर दबलेलीही असेल. रक्ताच्या तपासणीनं कळू शकेल, पण ते तुमच्या भावंडांचं नि मुलांचंही कळणं असतं. घरी बोला, घाई नाही, सक्तीही नाही.

 परतीच्या गाडीत, जव्हार जवळ आल्यावर ताई म्हणाली, "मला नाही कळून घ्यायचं. पण तुझ्यासोबत येईन."

मला मात्र कळून घ्यायचं होतं. हसवून हसवून मी एक अख्खा आजार झाकला होता. आणखी एक पिढी झाकायची नव्हती.

घरी पोचलो. पाय धुतले, मुलीला समोर बसवलं आणि तुझे आजोबा आजारी होते, इथून सुरुवात केली.