पाडव्याची काठी

मी धसईला माहेरी होते. मुरबाडच्या मोटारीतून उतरलेला आमचा गडी अंगणातच थबकला आणि म्हणाला, "थोरल्या वयनी गेल्या." थोरल्या वहिनी म्हणजे माझ्या जाऊबाई, गोदाबाई. साधा ताप आला काय आणि त्या गेल्या काय... मी पोटभर रडले. आणि खरं सांगते, शहापूरला परतताना मोटारीत मला हसूही फुटलं, कारण डोळ्यांपुढे सारख्या येत होत्या त्या पदर खोचून अंगणात बांबू धरून उभ्या राहिलेल्या गोदाबाई.

त्याचं असं झालं. लढाईच्या बातम्यांचं निमित्त काढून भावजींनी, म्हणजे गोदाबाईंच्या यजमानांनी, बॅटरीवरचा रेडिओ आणला. आमच्या घराला पत्रे. भावजींनी रेडिओची तार सरळ पत्र्यावर अंथरली. म्हणे, अख्खं छप्पर लोखंडी, तार टेकवली की सगळं छप्परच आवाज धरील! झालं उलटंच. रेडिओतून नुसती घरघर. मी म्हटलं, याच्यापेक्षा भाताची गिरणी बरी, निदान तांदूळ तरी देते. भावजी पुढे बरेच दिवस माझ्याशी तुटक बोलत होते.

गोदाबाईंचा मात्र जीव टांगणीला लागलेला. आई गेल्यावर त्यांनीच वाढवलेली धाकटी बहीण मुंबईला गाणं शिकत होती आणि पाडव्याला दिवेलागणीनंतर रेडिओवर पहिल्यांदाच गाणार होती. एकच गाणं. हुकलं की हुकलं.

पाडव्याच्या सकाळी गुढी उभारताना ती तार सारखी मध्ये यायला लागली, म्हणून गोदाबाईंनी वैतागून ती काठीलाच गुंडाळली. गुढी पत्र्याच्या चांगली वर गेली आणि घरात रेडिओतला माणूस स्वच्छ मराठीत बोलू लागला! सासूबाईंनी गुढीला पुन्हा एकदा हात जोडले. भावजी तर दिवसभर असे मिरवत होते, जणू युक्ती त्यांचीच.

पण गुढी सूर्य बुडायच्या आत उतरवायची असते. आणि आमच्या सासूबाई रीतीला पक्क्या. "दिस बुडतोय. उतरवा," त्या म्हणाल्या. भावजींनी गाण्यापुरती सवलत मागून पाहिली. "रेडिओसाठी रीत मोडायची नाय."

गोदाबाई वाद घालणाऱ्यांतल्या नव्हेत. त्यांनी हळदकुंकू वाहिलं, गूळ ठेवला, गुढी रीतसर उतरवली. साडी, तांब्या, गाठीची माळ घरात नेऊन ठेवली. मग बाहेर येऊन शांतपणे विचारलं, "आई, गुढी उतरली ना?"

"उतरली."

"मग आता ही नुसती काठीच ना?"

सासूबाई ओटीवर जाऊन बसल्या. गोदाबाईंनी पदर खोचला आणि तारेसकट काठी पुन्हा उभी केली. पण बांधायची कशाने? उतरवताना भावजींनी घाईघाईत सुंभ कोयत्याने कापून टाकलेलं. दुसरं शोधायला ते गोठ्यात पळाले, तोवर आत बहिणीचं नाव पुकारलं गेलं. काठी सोडली तर तार पत्र्यावर पडणार, धरून राहिलं तर गाणं घरात आणि ही बाई अंगणात. मला आठवा महिना, माझा तर काही उपयोगच नाही. गोदाबाईंचे डोळे भरून आले...

तेव्हा सासूबाई ओटीवरून उठल्या. तरातरा अंगणात उतरल्या आणि काठीला हात घातला.

"सोड. मी धरते. तू जा, आयक तुझ्या बहिणीला."

गोदाबाई आत पळाल्या आणि रेडिओसमोर फतकल मारून बसल्या. एकाच वेळी हसत होत्या आणि रडत होत्या. मी दारात उभी राहून आतही बघत होते आणि बाहेरही. सुंभ सापडलं ते गाणं संपल्यावर. तोवर सासूबाई जागच्या हलल्या नाहीत.

पुढे भावजींनी ती काठी ओटीच्या खांबाला कायमची बांधून टाकली. दर पाडव्याला तेवढ्यापुरती ती सोडवून गुढी तिच्यावरच चढायची आणि उतरली की गोदाबाई सासूबाईंकडे बघून हसायच्या.

यंदा दुखवट्याचं वर्ष, म्हणून आमच्याकडे गुढी नव्हती. दिवेलागणीला दिवा घेऊन ओटीवर आले तर सासूबाई अंगणात, दोन्ही हातांनी ती काठी धरून उभ्या.

"आई, ती घट्ट बांधलेली आहे. धरायला नाही लागत."

"ठाव हाय मला," त्या म्हणाल्या. "तू जा, रेडिओ लाव."