तीन वाक्यांत भांडणारे सर

आमच्या अभ्यासिकेच्या सरांइतका राग मला आयुष्यात दुसऱ्या कोणाचाच आलेला नाही, आणि यात मी माझे सासरे आणि सोसायटीचा सेक्रेटरी हे दोघंही धरलेत. कोलशेत रोडवरच्या आमच्या शाळेत वरच्या मजल्यावर अभ्यासिका होती. शाळा सुटली की सहा वाजेपर्यंत ती उघडी असायची. सर मराठी शिकवायचे, अभ्यासिका सांभाळायचे आणि दर गुरुवारी तिथंच भाषा मंडळ चालवायचे. बाकीच्या शाळांतली भाषा मंडळं कविता म्हणतात, हस्तलिखित काढतात, पाहुण्यांना गुलाबाचं फूल देतात. आमचं मंडळ तक्रारी लिहायचं. "गोड बोलायला मंडळ कशाला हवं? ते तुम्हाला घरी शिकवतात. इथं भांडायला शिका," असं सर पहिल्याच दिवशी म्हणाले, आणि पुढच्या बाकावरची हुशार मुलं दुसऱ्या गुरुवारी इंग्रजी मंडळात पळाली.

तक्रार तीन वाक्यांत. काय झालं, त्यानं माझं काय बिघडलं, माझी मागणी काय. विशेषणाला सक्त बंदी. सर खिशाला चार पेनं लावायचे, त्यातलं फक्त लाल चालायचं. 'अत्यंत' दिसलं रे दिसलं की त्यावर रेघ. "अत्यंत घाण म्हणजे काय गं? वास सांग. माश्या सांग!" कँटीनवाल्याला त्यांनी स्वतः लिहून दिलेलं, की या वड्यात बटाटा असल्याचं ऐकून आहे, पुरावा मिळालेला नाही. शिपाई घंटा दोन मिनिटं आधी द्यायचा म्हणून त्यालाही अर्ज. एकदा तर भाजी अळणी म्हणून बायकोला डब्यातून चिठ्ठी पाठवली. दुसऱ्या दिवशी डब्यात उत्तर आलं, 'मागणी मान्य. उद्यापासून डबा आपण करावा.' कोणी दुसरा असता तर चिठ्ठी गुपचूप फाडून टाकली असती. यांनी आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवली. "बघा, शिका! दोनच वाक्यं, आणि माणूस गार!"

मी राहायला बाळकुमला. दीड खोली, त्यात बाबांची मासेमारीची जाळी, भावाचा मोबाईल आणि आजीची सिरीयल, तिन्ही एकाच वेळी. मी आजीविरुद्ध अर्ज लिहिला. सरांनी सांगितलं, अर्ज संबंधितांना दिलाच पाहिजे. आजीला वाचता येत नाही म्हटल्यावर, "मग वाचून दाखव!" मी दाखवला. आजी म्हणाली, "गो बाय, यो तुजा सर येडा हाय का?" पण आवाज कमी केला. दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवसापासून मी पुन्हा सहा वाजेपर्यंत अभ्यासिकेत.

दहावीत होते तेव्हा फळ्यावर सूचना लागली. दिवाळीनंतर अभ्यासिका संध्याकाळी एका खाजगी क्लासला देणार. असं कसं देणार? माझ्यासारखी चाळीस मुलं तिथं बसायची. क्लास लावायची कोणाची ऐपत नव्हती आणि घरी पाय पसरायला जागा नव्हती. माझी दहावी त्या एका बाकावर टिकून होती. आम्ही अर्ज लिहिला, तीन वाक्यांचा, एक विशेषण नाही. खाली चाळीस सह्या, आणि सगळ्यात वर जागा सोडलेली, सरांसाठी. सरांनी वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "आत्ता राहू दे बाळांनो. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत."

दोन वर्षं! माझ्या डोक्यात तिडीकच गेली. वड्यातल्या बटाट्यासाठी भांडणारा माणूस, आणि आमच्या वेळेला याची दोन वर्षं आडवी आली! तिथंच बसून मी सरांविरुद्ध अर्ज लिहिला. 'सरांनी आम्हाला भांडायला शिकवलं. भांडायची वेळ आल्यावर सर अत्यंत भित्र्यासारखे वागले.' त्यांच्या टेबलावर आपटला आणि समोर उभी राहिले. म्हटलं, काय करायचं ते करा.

त्यांनी लाल पेन काढलं. 'अत्यंत भित्र्यासारखे वागले' यावर रेघ मारली आणि वर लिहिलं, 'सही केली नाही.' मग कागद माझ्याकडे सरकवून विचारलं, "मागणी काय?" रागाच्या भरात मी मागणीच लिहायची विसरले होते. रडत रडत लिहिली, 'सरांनी सही करावी.' त्यांनी खाली लिहिलं, 'तक्रार योग्य आहे.' सही केली. मग घडी उलगडून आमच्या अर्जावरही केली आणि दोन्ही कागद घेऊन तडक मुख्याध्यापिकांच्या केबिनमध्ये शिरले. त्यांचा आवाज आम्हाला जिन्यापर्यंत ऐकू येत होता.

बोर्डाच्या परीक्षेपर्यंत अभ्यासिका आमची राहिली. सरांना पुढच्याच आठवड्यात प्राथमिकला पाठवलं, पहिलीच्या वर्गावर. मंडळ बंद. प्राथमिकची इमारत समोरच होती, मध्ये फक्त मैदान. मी त्याच बाकावर बसून पास झाले आणि उरलेल्या वर्षात एकदाही ते मैदान ओलांडून गेले नाही. अभ्यास होता, असं सांगते सगळ्यांना. कसला अभ्यास! तोंड दाखवायची लाज वाटत होती. सरांवरच्या रागात अर्धा राग हा माझा माझ्यावरचा आहे, एवढं कबूल करते.

लग्न होऊन मी डोंबिवलीजवळ कोपरला आले. गेल्या महिन्यात कळलं की सर डोंबिवलीतच राहतात, माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर. गेले. डब्यातून उत्तर देणाऱ्या त्यांच्या बाई दोन वर्षांपूर्वी वारल्या होत्या. सर खुर्चीत बसलेले, डोक्यावर पंखा करकरतोय. चहा आला तो गार, वर साय धरलेली. सर म्हणाले, "छान आहे." पंखा? "छान आहे." तब्येत? "छान." सून कौतुकानं सांगत होती, "फार शांत झालेत हो, कशालाच नाही म्हणत नाहीत." मला इतका संताप आला की चप्पल घालताना पट्टाच तुटला.

पुढच्या गुरुवारी अर्ज घेऊन गेले. 'सरांनी तक्रार करणं सोडलं आहे. त्यामुळे मला फारच वाईट वाटतं.' सरांनी कागद हातात धरला. मग हात खिशाकडे गेला. खिशाला एकच पेन होतं, लाल. 'फारच' वर रेघ आली.

"मागणी लिहिली नाहीस," सर म्हणाले. "अर्ज अपूर्ण आहे. पुढच्या गुरुवारी आण." मी उठले तर पाठीमागून आवाज आला, "आणि मागच्या खेपेला चहा गार होता! ते कुठं लिहिलंयस यात?"

आज पाच गुरुवार झाले. दर वेळी मी तोच अर्ज नेते, दर वेळी सर माझ्यावर ओरडतात, एवढी मोठी बाई झाली आणि एक अर्ज पुरा करता येत नाही म्हणून. मागणी मला ठाऊक आहे, एका ओळीत बसेल. पण लिहिली तर अर्ज पूर्ण होईल. म्हणून मी लिहीत नाही.