जवाईबापूंनी दुरुस्त केलेला हत्ती

माझा धंदा जुन्या काँक्रिटच्या डागडुजीचा. पूल, पाण्याच्या टाक्या, नागपूरच्या मिहानकडचे पार्किंगचे रॅम्प, काहीही असो, आधी हातोडीनं ठोकायचं आणि आवाज ऐकायचा. बद्द आवाज आला की समजायचं, आत गज गंजलाय आणि फुगून वरचं काँक्रिट ढकलून राहिलाय. या एका कानाच्या जोरावर लोक मला हुशार समजतात. त्यांनी सक्करदऱ्याचा हत्ती पाहिलेला नाही, म्हणून.

हा हत्ती मामाजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. बायको ज्या कॉलनीत वाढली, तिथल्या मैदानात तो घसरगुंडी म्हणून उभा आहे. शेपटीकडून पायऱ्या चढायच्या, सोंडेवरून खाली यायचं. मामाजी ओव्हरसियर होते. कॉलनी बांधून उरलेल्या गजांतून आणि सिमेंटमधून त्यांनी तरुणपणी तो उभा केला. त्याआधी त्यांनी हत्ती जवळून पाहिला नसावा. कान सुपासारखे, एक डोळा दुसऱ्यापेक्षा वर, आणि चेहऱ्यावरचा भाव थेट मामाजींचा: कोणीतरी आपल्याला विचारल्याशिवाय काहीतरी केलंय, असा. पण सोंड मात्र पाहण्यासारखी. मुळात घोटाई सुरेख, त्यावर तीन पिढ्यांच्या बुडांनी दिलेलं पॉलिश. हात फिरवला तर मांजराच्या पाठीवरून फिरवल्यासारखं वाटायचं.

एके दिवशी हत्तीच्या कानाचा तुकडा पडला. कोणाला लागलं नाही, पण कॉलनीच्या कमिटीनं ठरवलं की हत्ती पाडायचा आणि प्लास्टिकची लाल-पिवळी घसरगुंडी आणायची. मामाजी रोज संध्याकाळी हत्तीसमोर खुर्ची टाकून बसायला लागले.

"तुम्ही मोठमोठे पूल दुरुस्त करता," बायको म्हणाली, "आणि माझ्या बाबाचा एक हत्ती नाही होत?"

मी कमिटीसमोर छाती काढून उभा राहिलो. अध्यक्ष म्हणाले, "ठीक आहे जवाईबापू. पोरायची परीक्षा संपेपर्यंत करून द्या. पोरं खेळले तर हत्ती राहील. नाही खेळले, तर प्लास्टिकवाल्याले फोन."

इथं एक गोष्ट सांगायला हवी. मी त्या घराचाच नाही, अख्ख्या कॉलनीचा जवाई आहे, आणि जवायाला तिथं कोणी नावं ठेवत नाही. लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात मी सासरचा नळ दुरुस्त केला होता. स्वयंपाकघरात घोट्याएवढं पाणी झालं, तर सासूबाई पदर खोचून म्हणाल्या, "बरं झालं, थंडावा आला." मामाजी चप्पल घालून मैदानात गेले आणि माझ्याबद्दलचं जे काही होतं ते हत्तीला सांगून आले. माझ्याविषयी बोलायचं झालं की ते हत्तीशीच बोलतात, हे मला बायकोनं पुढं कधीतरी सांगितलं.

तर काम सुरू झालं. हत्ती ठोकून पाहिला. पोटात आणि कानांत बद्द, सोंड मात्र खणखणीत. सुटलेलं काँक्रिट काढलं, गजांचा गंज तारेच्या ब्रशनं घासला, त्यावर गंज थांबवणारा लेप दिला आणि सिमेंटचा नवा मसाला भरला. नागपूरचा एप्रिल, ओला मसाला दुपारपर्यंत तडकेल अशी भीती. मग कॉलनीतल्या बायांनी कूलरमधल्या जुन्या खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या आणून दिल्या. त्या हत्तीवर पांघरल्या, दिवसभर पाणी मारलं. मैदानभर खसचा वास. अध्यक्षसुद्धा "जरा कामाची पाहणी करतो" म्हणून त्या गारव्यात डुलकी काढायला यायचे.

मामाजी खुर्चीवर. मला रोज एकच वाक्य, "छान चाललं जवाईबापू." मग हत्तीकडे वळून, "सोस गा बाबा थोडं."

शेवटी राहिलं संरक्षण. पाणी मुरू नये म्हणून वरून पारदर्शक लेप. आमच्या धंद्यात उतार दिसला की हात आपोआप चालतो. रॅम्पवर गाड्या घसरू नयेत म्हणून ओल्या लेपावर बारीक वाळू भुरभुरायची. सोंडेचा उतार दिसला. मी भुरभुरली. अगदी प्रेमानं, एकही जागा न सोडता.

"हे काय लावून राहिले?" मामाजींनी विचारलं.

"वाळू, मामाजी. पकड येते. याच्यावरून आता काहीही घसरणार नाही."

मामाजी माझ्याकडे बघत राहिले. मग हत्तीकडे बघून हळूच म्हणाले, "ऐकलं का गा?"

मला वाटलं, कौतुक आहे. भोवती उभ्या बायांनीही माना डोलावल्या. एकजण तर म्हणाली, "जवाईबापूचं काम म्हणजे पक्कंच राहते."

परीक्षा संपली. हत्तीला झेंडूची माळ घातली. पोरं शेपटीशी रांग लावून तयार, कमिटी खुर्च्यांवर, आणि पहिल्यांदा घसरायचा मान अर्थातच जावयाचा. मी चढलो, हात हलवला, सोंडेवर बसलो आणि स्वतःला सोडून दिलं.

वीतभर गेलो असेन. मग थांबलो. कंबर हलवून जोर लावला. 'खर्रर्र' असा आवाज आला आणि नव्या पॅन्टमधून एप्रिलची झुळूक आत शिरली. सोंडेच्या सुरुवातीलाच, अर्धा आडवा, मी अडकलो होतो. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला की घसरगुंडीला मी घसरू नये असा लेप दिलाय.

कोणी हसलं नाही. खरंच कोणी नाही. सासूबाई म्हणाल्या, "तब्येतीनं येऊन राहिले, सावकाश." बायकोनं तोंडात पदर कोंबला होता. अध्यक्षांनी घसा खाकरला, "काम तर चांगलंच झालं. पण पोरायले... म्हणजे... प्लास्टिकवाल्याले बोलावून घेऊ मग." आणि खिशातून मोबाईल काढला.

तेवढ्यात मामाजींची खुर्ची मागं सरकली.

"काहून बे!" ते ओरडले. सगळं मैदान दचकलं. "घसरगुंडीले कोणी वाळू लावते काय? माह्या हत्तीले पार्किंग समजला काय तू? इंजिनिअर हायेस का रेतीवाला? उतर खाली! नाही, उतरू नको, तसाच बस, पाहू दे साऱ्यायले!"

"अहो, जवाई हायेत ते," सासूबाई कुजबुजल्या.

"जवाई असन त्याच्या घरी! इथं त्यानं माह्या सोंडेची वाट लावली!"

आधी बायको फुटली, मग सगळं मैदान. अध्यक्षांचा मोबाईल हसता हसता हातातून पडला. तो उचलेपर्यंत मामाजी त्यांच्यासमोर उभे. "सोंड साफ करून देतो हा. मी उभा राहून करून घेतो. तोवर फोन खिशात ठेव."

घासायची मशीन चालवली असती तर वाळूबरोबर तीन पिढ्यांचं पॉलिशही गेलं असतं. म्हणून पाणी आणि पॉलिशचा दगड, तोही हातानं. मी घासत होतो, मामाजी खुर्चीवरून कामाला लावत होते. "जोरानं नको बे. गोल फिरव. लग्नात एवढं जेवला, ते गेलं कुठं?" थांबायचं नावच नव्हतं. इतक्या वर्षांचं साचलेलं होतं, नळसुद्धा निघाला. आणि खरं सांगू, मला दगड खाली ठेववत नव्हता. माझे वडील लवकर गेले. मला 'बे' म्हणणारं घरात कोणी उरलंच नव्हतं.

खालची जुनी सोंड शाबूत निघाली. या वेळी आत मुरून जाणारा, वर थर न ठेवणारा लेप दिला, आणि मामाजींनी स्वतः मेणबत्ती घासली. पहिलं पोरगं सुटलं ते सोंड संपल्यावरही थांबलं नाही, थेट अध्यक्षांच्या पायांत. अध्यक्ष म्हणाले, "राहू द्या हत्ती."

हत्ती आहे. पोटावर, कानांवर नव्या मसाल्याची फिकट ठिगळं दिसतात. रंग देऊन लपवू का, म्हणून विचारलं, तर मामाजी म्हणाले, "राहू दे. तुह्याच हातची हायेत, दिसू दे."

मामाजी अजून संध्याकाळी तिथं बसतात. पण आता माझ्याबद्दल काही सांगायचं असलं की फोन लावतात, आणि 'काय बे' पासून सुरू करतात. हत्तीला तेवढं जरा एकटं वाटत असणार.