धाकट्यानं आधी बोलावं

माझ्या भाचीइतकी सौद्याला कच्ची व्यक्ती अख्ख्या वाशीम जिल्ह्यात सापडायची नाही. मेथीची जुडी ती सांगितल्या भावात घेते, वर विकणाऱ्या बाईलाच विचारते, "मावशी, परवडते ना तुमाले?" मी डोक्यावर दोरखंड वाहून आठवडी बाजार केले, तेव्हा कुठं कामरगावात माझं पाइप-मोटारींचं दुकान उभं राहिलं. माझ्यासमोर असला व्यवहार झाला की माझं डोकं तापतं. आणि या मुलीनं पत्करलेलं काम कोणतं, तर सरकारकडं मागण्या मागायचं. गावोगावच्या पोरापोरींची तिनं संघटना केली आहे. तरुणांबद्दल काही ठरवायचं असेल तर आधी तरुणांना विचारा, एवढंच तिचं म्हणणं. ग्रामसभेत विषय नालीचा असो की नळाचा, ती हात वर करून विचारते, "हे ठरवणाऱ्यात पंचविशीच्या आतलं कोण हाये?" ती दिसली की सरपंच चष्मा पुसायला घेतात.

तिच्या बैठकीचा एक कायदा आहे. सगळ्यात धाकटं माणूस आधी बोलणार, मग चढत्या वयानं बाकीचे. मोठे आधी बोलले की लहानांचं बोलणं घशातच राहतं म्हणे. हा कायदा तिनं घरातही लावला. मालेगावचे पाहुणे तिला पाहायला आले होते. पोहे झाले, मी घसा साफ करून देण्याघेण्याचा विषय काढणार, तोच तिनं मुलाच्या धाकट्या भावाला विचारलं, "तू सांग आधी. तुले काय वाटते?" तो बशीतले शेंगदाणे वेचत होता. म्हणाला, "दादाचं पुण्यात एका पोरीसंगं जमेल हाये." पाहुणे चहा न घेता गेले. माझी बहीण कितीतरी दिवस तिच्याशी बोलली नाही. ती मात्र मला म्हणाली, "मामा, लग्नानंतर समजलं असतं तं?"

कारंज्याहून आमच्याकडे येणारी शेवटची एसटी कॉलेजचं प्रॅक्टिकल सुटण्याआधीच निघते. मुली एक तर प्रॅक्टिकल सोडतात, नाही तर जीपसाठी ताटकळतात, आणि अंधार पडायला लागला की बाप म्हणतो, पुरे झालं शिक्षण. ही गाडी उशिरा सोडा आणि पुढं वेळा ठरवताना विद्यार्थ्यांना विचारत चला, हे सांगायला संघटना एका पुढाऱ्याकडे निघाली. त्यांच्या शब्दावर डेपो हलतो. मी भाचीला समजावलं, "दहा गोष्टी मांग, तवा दोन पदरात पडतात."

"लागते तेवढंच मांगतो, मामा. बाकीचं कायले?"

मला राहवलं नाही. जाकीट चढवून मीही सोबत गेलो.

अकरावीतली एक मुलगी आधी बोलणार होती. तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, "साहेब, आमचं प्रॅक्टिकल…" म्हणाली आणि थांबली. ती शब्द जुळवत होती. पण सौद्यात जो गप्प बसला तो बुडाला, असंच मी आयुष्यभर धरून चाललो आहे. मी उठलो, टेबलावर हात आपटला आणि गाडी, मैदान, वाचनालय, सुचेल ते मागितलं.

साहेब हसले. "गाडीचं अवघड आहे. गावाला व्यायामाच्या मशिनी देतो."

"मशिनी नव्या पाहिजेत. अन् वर टिनाचं शेड."

"दिलं."

"मंग गाडीचं राहू द्या," मी म्हणालो. हात मिळवले, फोटो निघाला. फोटोत मी हसतो आहे आणि माझ्या मागं ती मुलगी अजून ओढणी धरून उभी आहे.

परत येताना पोरं जीपच्या बाहेर बघत बसली. मला वाटलं, पोरं भारावली. पुढं मशिनी बसल्या, त्यांच्यावर गावातले म्हातारे तंबाखू मळत बसू लागले, आणि मी घरात धुसफुसत राहिलो, की एवढं आणून दिलं तरी मेल्यांनी साधा नारळ हातात ठेवला नाही. मग ती मुलगी एसटी थांब्यावर दिसेनाशी झाली. मी भाचीला विचारलं.

"तिच्या बाबानं घरी बसवलं तिले."

"मंग तू मले बोलली काहून नाही?"

"तुमी लय खुश होते, मामा."

शिव्या दिल्या असत्या तर मी चार उलट्या दिल्या असत्या आणि मोकळा झालो असतो. हिला धड रागावताही येत नाही. तेव्हापासून त्या मशिनींवरून जावं लागू नये म्हणून मी दुकानाला मागच्या गल्लीनं जातो.

परवा संघटना पुन्हा त्याच साहेबांकडे गेली. बापाची विनवणी करून भाचीनं त्या मुलीलाही आणलं होतं. जीप मी चालवली. दाराशी भाची म्हणाली, "चाला ना आत."

"मी राहतो इथंच, चपलांपाशी."

आत बराच वेळ सगळं शांत होतं. माझ्या जिभेला खाज सुटली. उंबऱ्यापर्यंत गेलो आणि चौकट धरून तिथंच थांबलो. मग तो बारीक आवाज सुरू झाला, अडखळत, थांबत, पुन्हा सुरू होत. शब्द काही कळले नाहीत. साहेबांचे मात्र कळले. "किती वाजता सुटतं, बेटा, तुमचं प्रॅक्टिकल?"

मागच्या खेपेला एवढा वेळ मी बोललो, पण मला त्यांनी एकही प्रश्न विचारला नव्हता.