तापल्या अंगाला पाणी

लवळ्यातल्या येसाजी मेंढपाळाचा मुलगा माउली फौजेत शिपाई आहे. तेवढ्यावर गप्प बसेल तर तो माउली कसला! त्याला पॅरा कमांडो व्हायचंय. त्यासाठी आधी निवडीचं प्रशिक्षण पार पाडावं लागतं आणि तिथून भलेभले गडी तोंडाला फेस येऊन आपल्या पलटणीत परततात. वयाच्या अटीमुळे माउलीची ही शेवटची संधी. म्हणून सुट्टीवर आल्यापासून तो भर दुपारी वाळू भरलेला पिठ्ठू पाठीवर घेऊन गावामागचा डोंगर चढतो. पायथ्याच्या कॉलेजात कॅन्टीनमध्ये पंख्याखाली बसलेल्या पोरांना हा वेडाच वाटतो.

चढण लागली, की मागून आणखी कुणाच्या तरी बुटांचा आवाज येऊ लागतो. माउली वळून बघत नाही. ते बूट कोणाचे, हे त्याला ठाऊक आहे.

मागच्या उन्हाळ्यात याच डोंगरावर त्याच्याबरोबर विश्राम होता. शेजारचा, एकाच पलटणीतला, जिवाभावाचा. अर्ध्या चढावर त्यानं पाणी मागितलं.

"माउल्या, घोटभर दे की."

बाटली माउलीच्या पिठ्ठूत होती. पण निघताना येसाजीनं दोघांना बजावलं होतं. मेंढरं उन्हातून तापून आली की आधी गार होऊ द्यायची, मगच पाण्यावर सोडायची, माणसाचंही तसंच. माउली लहानपणापासून हेच ऐकत आला होता.

"वर चल, सावलीत बसू, मंग पी," तो म्हणाला.

विश्राम वर पोचलाच नाही. उष्माघात, डॉक्टर म्हणाले.

गावात कुणी माउलीला बोल लावला नाही, तेच वाईट झालं. तेव्हापासून घरी तो तांब्या घटाघटा रिकामा करतो, पण डोंगरावर पाणी तोंडाशी नेलं की घसा आवळतो. आणि पाण्याविना ते प्रशिक्षण म्हणजे मरणाला आवतण. मन घट्ट करायला तो डोळे मिटून बसला, पहाटे गार पाण्यात उभा राहिला. बूट काही थांबले नाहीत.

निघायच्या आदल्या दिवशी येसाजी काठी टेकत त्याच्या मागून चढला. विश्राम कोसळला होता तिथंच त्यानं लेकाला गाठलं आणि बाटली पुढं केली.

"पी."

"जात न्हाई, आबा."

"तुला वाटतंय तू मारलंस त्याला. सांगितलं कुणी व्हतं? मी! मेंढरांचं शहाणपण माणसाला लावलं." म्हाताऱ्याचा आवाज फुटला. "मेंढरं पाण्याला सोडली की मला बी त्याची हाक येती, पोरा. रोज येती."

वर्षभरातल्या प्रत्येक सुट्टीत बापलेक शेजारी बसून जेवले होते, पण कुणी चकार शब्द काढला नव्हता.

त्यानं बाटली घेतली. पहिला घोट तसाच उलटून पडला. येसाजीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. माउलीनं पुन्हा बाटली तोंडाला लावली आणि पाणी सरळ खाली उतरलं, अगदी सहज.

तेव्हा मात्र तो मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा ढसाढसा रडला. एवढंच तर विश्रामनं मागितलं होतं.